तरुणास्थीचे तारुण्य

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यांपैकी नाक, कान, ग्रीवा आणि नेत्रकोश येथील अस्थी ‘तरुण’ होत. याच ग्रंथात अस्थिभंगाचा विचार करताना प्रत्येक प्रकाराची भंगाची रीत वेगळी सांगितली आहे. तरुण अस्थी वाकतात, नळीसारख्या अस्थी मोडतात, कपालास्थी दुभंगतात आणि दात फुटतात. हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून केलेले हे वर्गीकरण आहे, हे उघड आहे. आजचे शरीरशास्त्र ज्याला हाडच मानत नाही, त्या लवचिक पदार्थाला सुश्रुताने हाडांत घातले, म्हणून त्याची अस्थिसंख्या तीनशेपर्यंत गेली, तर आजच्या गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. या गणनेचा सविस्तर ऊहापोह रूडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात केला आहे. येथे प्रस्तुत आहे ते एवढेच की ‘तरुण अस्थी’ या नावात एक सिद्धान्त दडलेला आहे : हा पदार्थ म्हणजे अजून वयात न आलेले हाड.

आधुनिक भारतीय भाषांनी या पदार्थाला दिलेली नावे एका कुळातली नाहीत. बंगालीने ‘तरुणास्थि’ हा शब्द तसाच राखला. हिंदीने ‘उपास्थि’ स्वीकारला; म्हणजे कालाचा संबंध जाऊन तेथे दर्जाचा संबंध आला. मराठीत ‘कूर्चा’ रूढ झाला. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे जुडी, झुबका. आपले कुंचा, कुंचला हे शब्द त्याच घरातले. मराठी शब्द वापरायला सुटसुटीत आहे, परंतु वस्तूच्या स्वभावाविषयी तो काहीच बोलत नाही. बंगाली शब्द बोलतो, आणि ते अर्धे खरे बोलतो. गर्भावस्थेत हातापायांची बहुतेक हाडे प्रथम कूर्चेच्या रूपातच घडतात आणि मग कूर्चेच्या जागी हाड येते. तेथे ती खरोखर ‘तरुण अस्थी’ असते. परंतु कानाची पाळ वगळता उरलेला कान, नाकाचा पडदा आणि सांध्यांत हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत आवरण ही कूर्चा जन्मभर कूर्चाच राहते. ती म्हातारी होते, झिजते, पण हाड होत नाही.

गेल्या तीन दशकांत प्रयोगशाळेमध्ये मूलपेशींपासून कूर्चा घडविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची मुख्य अडचण नेमकी या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. घडविलेली कूर्चा ‘तरुणास्थी’ निघते, आणि तिचे तारुण्य टिकत नाही.

हे प्रयत्न का करावे लागतात, हे समजण्यासाठी कूर्चेची रचना पाहिली पाहिजे. लंडन येथील शस्त्रवैद्य विल्यम हंटर यांनी १७४३ साली सांध्यांच्या कूर्चेवर एक निबंध सादर केला होता. क्षत पडलेली कूर्चा त्रासदायक असते आणि एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, हे प्राचीन काळापासून मान्य असलेले मत त्यांनी त्यात नोंदविले. पावणेतीनशे वर्षांनंतरही हे मत तत्त्वतः बदललेले नाही. गुडघ्यातील कूर्चेचा थर साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, लसीकावाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. इतरत्र जखम झाली म्हणजे रक्ताबरोबर दुरुस्तीचे साहित्य येते. येथे रक्तच येत नाही. मज्जातंतू नसल्यामुळे झीज होत असताना कूर्चा स्वतः दुखत नाही. वेदना सुरू होते ती भोवतालच्या आणि खालच्या भागांत, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

या थराचा फार मोठा भाग पाणी आहे, वजनाच्या सुमारे सत्तर-ऐंशी टक्के. उरलेल्यात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले ॲग्रिकॅन नावाचे अवाढव्य रेणू असतात. ॲग्रिकॅनच्या शाखांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे ते पाणी खेचून घेतात आणि फुगू पाहतात. कोलॅजेनचे जाळे त्यांना फुगू देत नाही. टाके घातलेल्या गादीची उपमा येथे बरीच जवळ जाते. कापूस फुलू पाहतो, टाके त्याला आवरतात, आणि या ताणातूनच गादीला बसण्याजोगा कठीणपणा येतो. पाऊल टाकताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार येतो. त्यासरशी पाणी हळूहळू दाबले जाते, आणि भार उतरला की परत शोषले जाते. या येण्याजाण्यातूनच आतल्या पेशींना अन्न पोचते, कारण ते पोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

पेशी मात्र अत्यल्प असतात. मानवी सांध्याच्या कूर्चेत त्यांचे आकारमान शेकडा एक ते पाच. प्रत्येक पेशी, किंवा दोन-चार मिळून, आपल्या खळग्यात एकांतवासात असते. जीवशास्त्राच्या इतिहासात या एकांतवासाला एक मान आहे. टेओडोर श्वान यांनी १८३९ साली प्राणी आणि वनस्पती दोन्ही पेशींचेच बनले आहेत असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांनी प्रारंभीची उदाहरणे निवडली ती पृष्ठरज्जूची आणि कूर्चेची. कारण प्राण्यांच्या शरीरात वनस्पतींच्या कोठड्यांसारख्या भिंतींआड बसलेल्या पेशी तेथेच ठळकपणे दिसत होत्या.

या पेशी फार कमी काम करतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली याचा विलक्षण पुरावा दिला. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६३ पर्यंत वातावरणात जे अणुस्फोट घडविण्यात आले, त्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते आणि नंतर ते ओसरत गेले. माणसाच्या कोणत्याही ऊतकात त्या कार्बनचा अंश किती आहे, यावरून ते ऊतक कोणत्या वर्षांत घडले हे ठरविता येते. गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेन या कसोटीला लावले, तेव्हा ते माणसाच्या बालपणात आणि पौगंडावस्थेत घडलेले निघाले. प्रौढपणी त्यात नवी भर जवळजवळ पडलेलीच नव्हती. शरीर एकदाच हे जाळे विणते आणि मग आयुष्यभर तेच वापरते.

म्हणून बाहेरून पेशी आणून घालण्याचा विचार पुढे आला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मॅट्स ब्रिटबर्ग, अँडर्स लिंडाल, लार्स पीटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली २३ रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच गुडघ्यातील, भार न येणाऱ्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढून त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि क्षताच्या जागी सोडायच्या, अशी ही पद्धत. ती आजही सुधारित रूपांत वापरली जाते. तिच्यात एक गोम आहे. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या सपाट पृष्ठभागावर वाढविलेल्या कूर्चापेशी आपली ओळख विसरतात. त्या पसरट होतात आणि कूर्चेचे वैशिष्ट्य असलेले दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन बनविण्याऐवजी त्वचेत किंवा व्रणात आढळणारे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. पॉल बेन्या आणि जॉय शॅफर यांनी १९८२ साली दाखविले की अशा बिघडलेल्या पेशी उचलून ॲगरोजच्या मऊ, त्रिमित गोळ्यात ठेवल्या तर त्या पुन्हा गोल होतात आणि गोल झाल्यावर पुन्हा कूर्चेचे कोलॅजेन बनवू लागतात. पेशीतील आनुवंशिक द्रव्य दोन्ही वेळी तेच होते. बदलली होती ती तिची बैठक.

हा प्रयोग साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जीवशास्त्राने आपली परिभाषा मोठ्या प्रमाणात लेखनविद्येतून उचलली : संकेत, प्रतिलेखन, भाषांतर, संपादन, ग्रंथालय. या रूपकाने पेशीला एका ग्रंथाची वाचक करून टाकले आणि सारा अर्थ ग्रंथात असल्याचा समज दृढ केला. कूर्चापेशीचा अनुभव तसा नाही. ती कशावर बसली आहे, तिला शेजारी किती आहेत, भोवतालचा पदार्थ मऊ आहे की कठीण, तिच्यावर दाब येतो की नाही, यांवर ती काय ‘वाचणार’ हे ठरते. २००६ साली ॲडम एंगलर, डेनिस डिश्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखविले की एकाच जातीच्या मूलपेशी मऊ पृष्ठभागावर मज्जापेशींसारख्या, मध्यम कठीण पृष्ठभागावर स्नायूंसारख्या आणि त्याहून कठीण पृष्ठभागावर अस्थिपेशींसारख्या वळण घेतात. ग्रंथाचे रूपक निरुपयोगी आहे असे नव्हे; ते निम्म्या वाटेवर सोडून देते.

आता मूलपेशींकडे वळावयाचे. येथे पुन्हा एकवार भाषेचा अडसर आहे, आणि तो भारतीय भाषांचा खास आपला आहे. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक. हिंदीत आणि बंगालीत तोच शब्द स्नायूला लावतात. उलट ‘स्नायू’ मराठीत आणि गुजरातीत मांसल भाग दाखवितो, तर बंगालीत मज्जातंतू. मराठीच्या स्वतःच्या घरातही एकवाक्यता नाही : शालेय पुस्तकांत ‘पेशी’, तर मराठी विश्वकोशात ‘कोशिका’. ‘मूलपेशी’ हा मराठी शब्द न बदलता बंगाली वाचकापुढे ठेवला तर त्याला तो मांसाचा काही प्रकार वाटेल. एकाच संस्कृत कोशातून शब्द उचलूनही आपल्या भाषा परस्परांस दुर्बोध कशा होतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. प्रस्तुत लेखात मराठी रूढीच पाळली आहे.

‘मूलपेशी’ या कल्पनेचा जर्मन पूर्वज एर्न्स्ट हेकेल यांच्या १८६८ च्या लेखनात आढळतो. तेथे तो वंशवृक्षाच्या बुंध्याच्या अर्थाने आला होता. अस्थिमज्जेतील ज्या पेशींशी कूर्चेचा संबंध आहे, त्यांचा शोध सोव्हिएत रशियात अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात आणि १९७० च्या सुमारास लावला. मज्जेतील रक्तपेशी पोषक द्रवात तरंगत राहतात, परंतु काही थोड्या पेशी तळाशी घट्ट चिकटतात आणि एकेकीपासून एकेक वसाहत तयार होते, असे त्यांना दिसले. त्या वसाहती प्राण्याच्या शरीरात ठेवल्या तर त्यांपासून हाड तयार होई. क्लीव्हलँड येथील आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली अशा पेशींना ‘मध्यजनस्तरीय मूलपेशी’ या अर्थाचे नाव दिले आणि त्या नावाने त्या जगभर गेल्या. चिकटण्याचा हा गुण आजही त्यांना वेगळे काढण्यासाठी वापरतात. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेत अशा पेशी फार विरळ असतात, दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी. पण त्या काही आठवड्यांत लाखोंनी वाढविता येतात, आणि कूर्चेचा तुकडा कापून घेण्याची गरज उरत नाही. संशोधकांना त्यांचे आकर्षण वाटले ते यामुळे.

त्यांना कूर्चापेशी कसे करावयाचे याचे उत्तर क्लीव्हलँड येथेच १९९८ साली ब्रायन जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या पेशींवर दिले. त्याच वर्षी मानवी पेशींवरही ते लागू झाले. कृती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. सुमारे दोन ते अडीच लक्ष पेशी शंक्वाकृती तळाच्या नळीत घेऊन ती नळी केंद्रोत्सारी यंत्रात काही मिनिटे फिरवितात. पेशी तळाशी दाटून बसतात. नळी उबेत ठेवली की दिवसभरात त्या दाटीची एक सैल चकती आपोआप आवळून गोल होते आणि द्रवात सुटी तरंगू लागते. पोषक द्रवात रक्तद्रव घालायचा नाही, हा महत्त्वाचा नियम. त्याऐवजी क जीवनसत्त्वाचे एक रूप, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि टीजीएफ-बीटा नावाचा वाढघटक, दर मिलिलिटरमागे सुमारे दहा नॅनोग्रॅम, एवढे घालतात. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलतात. तीन आठवड्यांनी एक-दोन मिलिमीटरचा, मोत्यासारखा पांढरा, चकचकीत मणी हाती येतो. त्याचा पातळ काप घेऊन सॅफ्रॅनिन या रंगाने रंगविला तर ॲग्रिकॅनसारखे रेणू जेथे साठले असतील तेथे तो लालकेशरी होतो. प्रत्येक लाल क्षेत्रात गोल पेशी आपापल्या खळग्यात बसलेल्या दिसतात.

या कृतीतील प्रत्येक पायरी गर्भाकडून शिकलेली आहे. गर्भाच्या हातापायांच्या अंकुरात हाड यावयाच्या जागी विखुरलेल्या पेशी प्रथम एकत्र दाटतात. त्या दाटीत सॉक्स-९ या जनुकाचे कार्य सुरू होते आणि मग कूर्चेची प्रथिने बनू लागतात. हे जनुक केवळ साक्षीदार नाही, याची खात्री दोन बाजूंनी पटली. त्यातील दोषामुळे मुलांत हाडे वाकडी राहणारा एक गंभीर जन्मजात विकार होतो, हे १९९४ साली कळले. आणि १९९९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले की ज्या पेशींत हे जनुक नाही त्या कूर्चेत सामीलच होत नाहीत. नळीतली दाटी ही गर्भातल्या दाटीचीच नक्कल होय.

टीजीएफ-बीटा या नावाचीही एक कथा आहे. साध्या पेशींना अर्बुदाच्या पेशींसारखे वागावयास लावणारा, ‘रूपांतर’ करणारा घटक म्हणून त्याला हे नाव मिळाले. दुसरीकडे सईद सेयेदिन आणि सहकारी गाईच्या हाडातून कूर्चा निर्माण करणारा एक घटक वेगळा काढत होते. त्यांनी त्याला ‘कूर्चाप्रेरक घटक’ म्हटले होते. १९८६ च्या सुमारास दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे निष्पन्न झाले. अर्बुदाच्या संशोधनातले नाव टिकले, कूर्चेचे नाव मागे पडले. ज्याच्या कार्याचे वर्णन दुसऱ्या नावात अधिक नेमके होते, त्याला पहिल्याच नावाने ओळखावे लागते. नामकरणात अग्रक्रम अर्थाला मिळत नाही, तो बहुधा प्रभावाला मिळतो.

मणी तयार झाला. पण तो मणी काय आहे? जॉनस्टन यांच्या पहिल्याच निबंधात एक अस्वस्थ करणारी नोंद होती : मण्यात दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनबरोबर दहाव्या प्रकारचे कोलॅजेनही सापडले. हे दहावे कोलॅजेन निरोगी सांध्याच्या वरच्या थरात नसते. ते असते लहान मुलांच्या हाडांच्या वाढत्या टोकांशी, जेथे कूर्चापेशी फुगून मोठ्या होतात, भोवती चुना साठतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चा संपून हाड सुरू होते. म्हणजे मण्यातल्या पेशी सांध्यातली कायमची कूर्चा बनवीत नव्हत्या, तर हाडाकडे जाणारी तात्पुरती कूर्चा बनवीत होत्या. हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २००६ साली याची परीक्षा पाहिली. सांध्यातील कूर्चापेशींचे मणी आणि मूलपेशींपासून केलेले मणी अशी दोन्ही त्यांनी उंदरांच्या त्वचेखाली ठेवली. पहिले कूर्चाच राहिले. दुसऱ्यांत चुना साठला आणि रक्तवाहिन्या शिरल्या.

वस्तुतः हा निकाल अनपेक्षित म्हणता येणार नाही. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखविले होते की क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तेथे नवे हाड उगवते. दिल्ली विद्यापीठात शिक्षण झालेले ए. हरी रेड्डी यांनी चार्ल्स हगिन्स यांच्यासमवेत १९७२ मध्ये या घटनेचा क्रम दिवसागणिक लावून दिला : आधी कूर्चा, सुमारे आठवड्याने, मग हाड, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या हाडात रक्त बनविणारी मज्जासुद्धा. जी पेशी मज्जेतून काढली, ती कूर्चेच्या वाटेने पुन्हा मज्जेपर्यंत जाऊ पाहते. तिला मधल्याच मुक्कामावर थांबविणे हे काम आहे.

कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात पेशीच्या विकासाचे एक चित्र काढले होते : डोंगरउतारावर एक गोळी, तिच्यापुढे फुटत जाणाऱ्या दऱ्या, गोळी ज्या दरीत शिरेल तिच्या तळाशी पोचून स्थिर होते. त्याआधी, १९४० च्या ग्रंथात, याच कल्पनेसाठी त्यांनी चित्रकार जॉन पायपर यांचे नदीखोऱ्याचे चित्र वापरले होते. कूर्चेच्या बाबतीत या चित्राला थोडी दुरुस्ती हवी. तेथे दरी एक नाही, समोरासमोर दिसणाऱ्या दोन दऱ्या आहेत. एकीचा तळ कूर्चेतच आहे. दुसरी कूर्चेवरून जाते आणि पुढे हाडाकडे उतरते. वरून पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणची गोळी सारखीच दिसते. गर्भात सांध्याची कूर्चा जेथून येते त्या पेशी अगदी आरंभीच, दोन हाडांच्या मधल्या फटीच्या जागी, वेगळ्या पडलेल्या असतात. मज्जेतील मूलपेशीचा त्या घराण्याशी संबंध नाही. मग तिने सांध्याची कूर्चा द्यावी ही अपेक्षाच चुकीची होती काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मोकळेपणाने विचारला जाऊ लागला आहे.

उपाय अनेक सुचविले गेले. वाढीच्या टोकांशी पेशींचे फुगणे रोखून धरणारे एक संप्रेरकसदृश प्रथिन वापरून पाहिले. सांध्यात असतो तसा अल्प प्राणवायू ठेवला. मण्यांना तालबद्ध दाब दिला. सांध्यातील खऱ्या कूर्चापेशी शेजारी ठेवून मूलपेशींना त्यांची संगत लावली. या प्रत्येकाने फुगणे कमी होते, थांबते असे निर्विवाद म्हणता येत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ साली प्रौढ पेशींना गर्भावस्थेच्या जवळ नेण्याची युक्ती शोधली. तिच्या आधारे क्योटो येथील नोरियुकी त्सुमाकी यांच्या गटाने २०१५ मध्ये अशा पेशींपासून कूर्चेचे कण बनवून प्राण्यांच्या सांध्यांत घातले. येथे वाट मज्जेपासून नव्हे, अधिक उगमाजवळून सुरू होते, म्हणून तिच्याकडून आशा अधिक आहे. काहींनी उलट विचार केला : पेशी हाडाकडेच जाऊ पाहत असतील, तर याच कूर्चेचा उपयोग हाड भरून काढण्यासाठी का करू नये? हा विचार पराभवाचा नाही, शहाणपणाचा आहे.

ऊतक-अभियांत्रिकी या शाखेला १९९३ च्या रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांच्या निबंधाने प्रतिष्ठा मिळवून दिली. पेशी, त्यांना धरून ठेवणारा विरघळणारा सांगाडा आणि वाढघटक ही तिची सामग्री. लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते पाठीवर माणसाचा कान असलेल्या उंदराचे छायाचित्र. त्यामागील निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कानात ना माणसाचे जनुक होते, ना मूलपेशी. गुरांच्या कूर्चापेशी कानाच्या आकाराच्या सांगाड्यावर पेरून तो सांगाडा उंदराच्या त्वचेखाली ठेवला होता. आकार देणे हे तुलनेने सोपे आहे, हेच त्यातून सिद्ध झाले. त्या आकारात गादीचे टाके आणि कापूस यांचा ताण आणणे, खालच्या हाडाशी त्याचा सांधा जुळवणे आणि तो वर्षानुवर्षे टिकवणे हे कठीण.

तरीही औषधाच्या बाजारात ‘मूलपेशी’ हा शब्द कूर्चेच्या फार पुढे निघून गेला. दक्षिण कोरियाने २०१२ साली नाळेतील रक्ताच्या मूलपेशींपासून केलेल्या एका उपचारास गुडघ्यासाठी मान्यता दिली. ते रीतसर परीक्षण होऊन झाले. परंतु जगात अनेक ठिकाणी, आणि भारतातील शहरांतही, मज्जेतून किंवा चरबीतून काढलेले मिश्रण सांध्यात टोचून नवी कूर्चा उगवेल असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती दिसू लागल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने तयार झालेल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ अधिकृत चाचण्यांपुरता मर्यादित ठेवला होता. अमेरिकेत मज्जेच्या, चरबीच्या आणि नाळेच्या पेशींची टोचणी नेहमीच्या स्टेरॉइडच्या टोचणीशी ताडून पाहण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत पेशींची कोणतीही टोचणी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. स्वतः कॅप्लन यांनी २०१७ साली असे लिहिले की या पेशींना ‘मूलपेशी’ म्हणणे आता थांबवावे. शरीरात त्या नवे ऊतक बनत नाहीत, तर औषधी संकेत स्रवतात. ज्याने नाव दिले त्यानेच ते मागे घेण्याची विनंती करावी, असे परिभाषेच्या इतिहासात क्वचित घडते. नाव मात्र मागे आलेले नाही. रुग्ण पैसे मोजतो ते त्या नावातल्या ‘मूल’ या पदासाठी, आणि भारतीय भाषांत ते पद इंग्रजीतल्या खोडापेक्षा कितीतरी अधिक वचन देऊन जाते.

दरम्यान बाझेल येथील आयव्हन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींना वळसा घातला आहे. त्यांनी पेशी घेतल्या त्या नाकाच्या पडद्याच्या कूर्चेतून. ही कूर्चा गर्भाच्या वेगळ्या स्तरापासून येते, वाढविली तरी आपली ओळख लवकर परत मिळविते आणि हाडाकडे वळत नाही. २०१४ साली त्यांनी अशा पेशींपासून केलेल्या कूर्चेने पाच रुग्णांच्या नाकपुड्या दुरुस्त केल्याचे प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये दहा रुग्णांच्या गुडघ्यांत तीच कूर्चा बसविल्याचा वृत्तान्त आला. नाकातली पेशी गुडघ्यात रुळते, असे त्यातून दिसले.

नाक घडविण्याच्या विद्येशी पुण्याचे नाते जुने आहे. टिपूच्या सैन्याने ज्याचे नाक कापले होते, त्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्या माणसाचे नवे नाक पुण्याच्या परिसरात एका कारागीर जातीच्या इसमाने कपाळाच्या त्वचेपासून घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात हे वृत्त चित्रासह छापले आणि त्यावरून युरोपीय शस्त्रवैद्य ती रीत शिकले. त्या नाकात त्वचा होती, रक्त खेळत होते. कूर्चा नव्हती, तरुण अस्थी कोठून आणावी, हे त्या कारागिराजवळ नव्हते.